मॉरिसचे चार प्लग

बाळकृष्ण गोवंडे यांची उभी नोकरी तमिळ मुलखातल्या आवडी नावाच्या गावी, रणगाड्यांच्या कारखान्यात गेली. त्यामुळे वेस्ट मांबलमच्या त्या तीन मजली बिल्डिंगीत कुणाची स्कूटर कुरकुरली, की लोक त्यांनाच हाक मारत आणि तेही मोठ्या ऐटीत खाली उतरत. आता रणगाड्याचं इंजिन डिझेलवर चालतं, आणि डिझेलच्या इंजिनात स्पार्क प्लग नावाची वस्तू मुळी नसतेच, ही बारीकशी गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. कुणी विचारलं नाही, मग आपण होऊन कशाला सांगा?

नवरात्र तोंडावर आलं असताना घरमालक बालाजीराव काठी टेकत त्यांच्या दाराशी आले. बालाजीराव तंजावरकडचे मराठी, पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात मुरलेले, वय नव्वदीला टेकलेलं. बिल्डिंग पाडून नवी उठायची होती आणि महिनाअखेर सगळ्यांना जागा सोडायची होती. माणसांची सोय झाली होती. प्रश्न होता तो कडुनिंबाखाली ताडपत्री पांघरून बसलेल्या मॉरिस मायनरचा. कैक वर्षांत तिने हूं की चूं केलं नव्हतं.

"अण्णानगरचा प्राणेश आहे न्हवे, जुन्या कारी पाळतो तो," बालाजीराव म्हणाले. "म्हणाला, विजयादशमीला आणा. स्वतःच्या इंजिनावर आली तर ठेवून घेतो, चालवतो. ओढून आणलेल्या आधीच चार पडल्या आहेत म्हणे त्याच्या अंगणात."

"आणि नाही चालली तर?"

"तर पुदुपेट." बालाजीराव काठीकडे बघत राहिले. "तिकडे कापून टाकतात पा. पत्रा वेगळा, इंजिन वेगळं."

"मी करतो, मामा," बाळकृष्ण बोलून गेले. बोलल्यावर त्यांना आठवलं, की आपण डिझेलचे.

पण न बोलून चालणारच नव्हतं. चाळीसेक वर्षांपूर्वी ते नवी बायको घेऊन साताऱ्याहून या गावी आले, तेव्हा दोघांना मिळून तमिळचे चार शब्द येत होते आणि त्यांतले दोन भाज्यांचे होते. विद्युलताबाईंचे दिवस भरत आले आणि नेमक्या बंदच्या दिवशी कळा सुरू झाल्या. बस नाही, रिक्षा नाही. बाळकृष्ण रस्त्यावर उभे राहून मराठीतून रडकुंडीला आले होते. बालाजीरावांनी काही न विचारता मॉरिस बाहेर काढली, दोघांना मागे बसवलं आणि एग्मोरच्या इस्पितळापर्यंत नेलं. गाडी इतकी हळू चालली होती, की एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं आणि जाता जाता आत डोकावूनही पाहिलं. इंजिन नुसतं किंचाळत होतं. पण पोचले. आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. ऊर्मी जन्मली. बाळकृष्णांनी पेट्रोलच्या पैशांची गोष्ट काढली, तर बालाजीराव असे चिडले, की आठवडाभर बोलले नाहीत. तेव्हापासून दर खंडेनवमीला विद्युलताबाई आधी मॉरिसला हार घालत आणि मग नवऱ्याच्या स्कूटरला.

तर बाळकृष्ण कामाला लागले. टाकी धुतली, कार्बुरेटर उघडून साफ केला, नवी बॅटरी आणली. इंजिनाच्या पोटापाण्याचं त्यांना सगळं कळत होतं. अडलं ते ठिणगीपाशी. डिझेलमध्ये दाब दिला की इंधन आपलं आपण पेटतं. इथे दर वेळी कुणीतरी काडी लावायला हवी. ती काडी म्हणजे प्लग, आणि काडीपर्यंत वीज पोचवायला कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर असं सगळं वऱ्हाड.

ऊर्मी आता श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्याच कारखान्यात इंजिनिअर होती. तिला त्यांनी फोन लावला, पण आवाज असा ठेवला, जणू तिचीच परीक्षा घ्यायची आहे.

"बाबा, प्लग गरम हवा की थंड ते आधी ठरवा," ती म्हणाली.

"माहीत आहे," बाळकृष्ण म्हणाले. त्यांना माहीत नव्हतं. "तरी तू सांग."

ऊर्मीने हसू दाबून सांगितलं. थंड प्लग उष्णता झटकन टाकून देतो, तो वेगाने पळणाऱ्या गाडीला. गरम प्लग उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे हळू चालणाऱ्या गाडीतही त्याच्या टोकावरची काजळी जळून जाते. "बालाजीताता गाडी किती वेगाने चालवायचे?"

बाळकृष्णांना तो सायकलवाला आठवला. "गरमच घेतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते जनरल पॅटर्स रोडवर गिरीधरच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट ती, पण वर छतापर्यंत खोकी. गिरीधरने आधी सोनेरी टोकाचे भारी प्लग पुढे केले. ते रेसच्या गाड्यांचे, थंड. बाळकृष्णांनी परत सारले. मग दुसरे आले, ते गरम होते पण त्यांची आट्यांची बाजू आखूड होती. बाळकृष्णांनी खिशातून मॉरिसचा जुना काळवंडलेला प्लग काढून शेजारी धरला. आखूड प्लग बसला असता, पण ठिणगी भोकातच राहिली असती, जिन्यात उभं राहून घरातल्या माणसाला हाक मारल्यासारखी. तिसऱ्या खोक्यात जुळणारे निघाले. लांबी तीच, आटे तेच, आणि गरम.

"पॉइंट कशाला? इलेक्ट्रॉनिक बसवा, सार," गिरीधर म्हणाला.

"हिची वायरिंग उलटी आहे. प्लस बॉडीला." हे मात्र बाळकृष्ण स्वतः शोधून आले होते आणि सांगताना त्यांची छाती थोडी फुगली.

"मग नको, जळेल," गिरीधर लगेच म्हणाला आणि पॉइंटचं पाकीट काढून दिलं. कंडेन्सर मात्र नवा चकचकीत होता तो त्याने परत ठेवला आणि माळ्यावरून मेणकागदात गुंडाळलेला एक जुना काढला. "हा घ्या. नवे लवकर जातात." बाळकृष्णांना त्या क्षणी त्याला मिठी मारावीशी वाटली. काउंटर मध्ये होता म्हणून राहिलं.

अष्टमीच्या संध्याकाळी त्यांनी पॉइंट, कंडेन्सर, रोटर बसवले. चारही प्लगच्या टोकाची फट पट्टीने मोजून बेतशीर केली आणि प्लग ताटात मांडले. उद्या पूजा, परवा बसवू. खंडेनवमीला पूजेत ठेवलेल्या अवजाराला विजयादशमीपर्यंत हात लावायचा नाही, हा नियम या गावात सगळेच पाळतात. विद्युलताबाईंनी ताट उचललं.

"ह्यातून आग कुठून निघते हो?" त्यांनी विचारलं.

"ही इथून. ही फट दिसते ना, तिथून," बाळकृष्णांनी बोट दाखवलं आणि ते हात धुवायला गेले.

दशमीला सकाळी देवापुढून पाना उचलला. प्लग आपापल्या खोक्यांत नीट ठेवलेले होते, विद्युलताबाईंचा कारभारच तसा टापटिपीचा. फट परवाच मोजली होती, पुन्हा कशाला बघायची? बाळकृष्णांनी चष्मा कपाळावर ढकलून एकेक प्लग इंजिनात आवळला. ऊर्मी सुट्टीला घरी आली होती. बालाजीराव पांढरी वेष्टी नेसून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते, लग्नाला निघाल्यासारखे.

किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, फिरत राहिलं, पेटलं नाही. पुन्हा फिरवली. तेच. बाळकृष्णांनी कॉइल तपासली, पॉइंट तपासले, वायर बॉडीजवळ धरली तर लखलखीत निळी ठिणगी. वीज येत होती, मग गिळत कोण होतं? त्यांच्या पाठीवर घामाची धार लागली. बॅटरी दमत चालली होती. बालाजीराव शर्टाची इस्त्री सांभाळत ताठ बसले होते आणि तेच बाळकृष्णांना सहन होईना. या माणसाने आपल्यासाठी एकदा जे केलं, त्याच्या पासंगालाही पुरेल असं काही आपल्याला जमत नाही, असं त्यांच्या मनात आलं.

"बाबा, एक प्लग काढून बघू?" ऊर्मी म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता तिने पाना लावला. प्लग बाहेर आला. तिने तो उजेडात धरला, नीट बघितला आणि मग ती हसत हसत बॉनेटवर ओणवीच झाली.

फटीत उगाळलेलं गंध भरलं होतं. वर कुंकू, आणि त्यात बरोबर मध्ये रुतलेली एक अक्षता.

"अहो, तुम्हीच तर म्हणालात आग तिथून निघते," विद्युलताबाई कावऱ्याबावऱ्या होऊन म्हणाल्या. सांगत होत्या नवऱ्याला आणि बघत होत्या मुलीकडे. "तोंड तेच ना त्याचं? मग गंध काय शेपटीला लावू? ह्या गाडीचं माझ्यावर केवढं..."

बाळकृष्ण रागावणार होते. नाही रागावले. त्यांनी आत जाऊन दात घासायचा जुना ब्रश आणि वाटीत पेट्रोल आणलं, आणि चारही प्लग बायकोपुढे ठेवले. दोघांनी मिळून ते घासले. या खेपेला फट चष्मा लावून बघितली.

किल्ली फिरवली. मॉरिस एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि पेटली. बालाजीराव खुर्चीतून उठले. काठी खाली पडली ती त्यांना कळलीही नाही.

चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. बालाजीरावांची नजर अधू झालेली, त्यामुळे स्टिअरिंग बाळकृष्णांच्या हाती आलं. बालाजीराव मागे बसले, विद्युलताबाई त्यांच्या शेजारी, ऊर्मी पुढे. लिंबं चिरडत गाडी फाटकाबाहेर पडली. बाळकृष्णांनी दुसरा गिअर टाकला आणि त्याच्यापुढे जायची त्यांची हिंमत होईना. म्हातारं इंजिन, न जाणो. ते किंचाळू लागलं. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. एक पोरगी स्कूटीवरून पुढे गेली आणि जाता जाता आत डोकावून बघून गेली.

मागे बालाजीराव खुदुखुदु हसत होते.

"बाळकृष्णा, थर्ड घाल पा. त्या दिवशी मी घातला न्हवता, कारण मला येतच न्हवता."

"म्हणजे?"

"ड्रायव्हर होता आपल्याकडे, राघोत्तम. बंद म्हणून आला नाही. मला गाडी शेडमधून काढून परत शेडमध्ये लावायला येत होती, तेवढंच. रस्त्यावर त्याआधी कधी घेतलीच न्हवती. फर्स्ट आणि सेकंड, बस. तेवढ्यावर एग्मोर."

मग विद्युलताबाईंनी हळूच विचारलं, "मामा, मग तुम्ही निघालात कसे?"

"तू रडत होतीस. मी शिकून येतो, तोवर थांब, असं सांगायचं होतं काय?"

बाळकृष्णांना समोरचा रस्ता धूसर दिसायला लागला. इतकी वर्षं ते गाडीचे उपकार मानत आले होते, पेट्रोलचे, वेळेचे. त्या स्टिअरिंगमागे आपल्याहून जास्त घाबरलेला एक माणूस बसला होता, हे त्यांना आज कळत होतं. त्यांना फार बोलायचं होतं. "मामा," एवढंच ते म्हणाले.

"घाल घाल, थर्ड घाल."

त्यांनी तिसरा टाकला. किंचाळणं थांबलं आणि मॉरिस गुळगुळीत धावू लागली. बालाजीरावांनी डोळे मिटून घेतले. पण अण्णानगर फार लांब नव्हतं. समोर तिथली कमान दिसायला लागली, तसा बाळकृष्णांनी पाय सैल केला आणि गाडी पुन्हा दुसऱ्यावर आणली. प्लग गरम होते. कितीही हळू गेलं तरी काजळी धरणार नव्हती.

विद्युलताबाईंनी बालाजीरावांचा हात आपल्या हातात घेतला. ऊर्मीने खिडकीची काच खाली केली आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना ती हात हलवून पुढे जायला सांगत राहिली.