बू नायिफची मक्तेदारी

कुवेतच्या मिश्रिफ भागातल्या बरजसला सगळे बू नायिफ, म्हणजे नायिफचा बाप, म्हणत. तेलकंपनीतून लवकर निवृत्त झाल्यावर त्याने रिकामपणाला छंद असं नाव दिलं. आधी ससाणे, मग अत्तरं, आणि आता फुटबॉलपटूंचे फोटो छापलेली जुनी कार्डं. स्कॉटलंडमधल्या एकाचा आख्खा संग्रह त्याने नुसते फोटो बघून विकत घेतला. फोटोत वरच्या थराला एकाहून एक नामांकित खेळाडू होते. खाली काय आहे, हे विचारणं त्याला कमीपणाचं वाटलं.

खोकी थेट दिवानियात, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या बैठकीत, आली. मित्रमंडळी रोजच्यासारखी चहा ढोसत बसली होती. बरजसने पांढरे हातमोजे चढवले आणि वरचा थर बाजूला केला.

"हा कोण?" त्यांच्यातल्या मुतलकने विचारलं.

"अँगस ट्विडल. बचावपटू."

"आणि हा?"

"तोच."

"बरं, हा तरी?"

बरजसने बाकीची खोकीही उपसली. प्रत्येक खोक्यात खालपर्यंत ट्विडलच ट्विडल होता, कुठल्याशा फुटकळ संघाचा.

"बू नायिफ, याचं लग्न जमत नव्हतं का रे? स्थळांना वाटायला फोटो छापलेत वाटतं!" मुतलक म्हणाला.

"हसा लेको! जगातले सगळे ट्विडल माझ्याकडे आहेत. आता भाव मी ठरवणार."

चहा संपेपर्यंत त्याला स्वतःलाच हे पटलं. त्याने इंटरनेटवर तशी दवंडीही पिटली. बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. मग खुद्द ट्विडलचाच निरोप आला. बरजसने तो सगळ्यांसमोर ऐटीत वाचायला घेतला.

"साहेब, तुमचं प्रेम बघून बायको रडली. छापखान्याने उरलेली कार्डं मलाच दिली होती. गॅरेज भरलंय. पाठवू?"

मुतलक हसून हसून लोडावरून घसरला.

रात्री जेवताना बरजसची बायको म्हणाली, "नको म्हणून कळवा त्याला."

"अगं, ती बाजारात आली तर भाव पडेल!"

"कुठला भाव?"

बरजस चिडला आणि चिडूनच त्याने गॅरेजभर कार्डं विकत घेतली.

नवी खोकी आली तेव्हा बैठकीच्या गाद्या अंगणात काढाव्या लागल्या. कुवेतच्या ऐन ऑगस्टातल्या उकाड्यात उघड्यावर कोण बसतो? मंडळी मुतलककडे जमू लागली. चार दिवस बरजस खोक्यांत एकटाच बसला, मग तोही तिकडे जाऊ लागला. कुणी विचारलंच तर सांगतो, "सध्या बाजार थंड आहे."