धाग्याच्या वाटेतलं कुसळ

मी एक जुना धोटा आहे. मित्रांनो, माझी गोष्ट सांगण्याआधी फेब्रुवारी २०२१ च्या दुसऱ्या रविवारी कौशल्याबाईंच्या मागाच्या खोलीत काय काय होतं, ते मोजून सांगतो. पाहुणे नऊ. त्यांना पायी फिरवून पवनी गाव दाखवणारे श्यामराव गुरुजी एक. हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या कौशल्याबाई एक. मास्क अकरा, त्यांपैकी नाकावर असलेले सात. सॅनिटायझरची बाटली एक, पाऊण भरलेली. खिडकी एक, तीही बंद, कारण कोरड्या वाऱ्यानं सूत तुटतं. तारेचा आकडा एक. आणि मी.

मी शिसवाच्या लाकडाचा आहे. लांबी चौतीस सेंटीमीटर. सुतारानं मला होडीसारखं कोरलं आणि दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या बसवल्या. माझ्या पोटात सुताची कांडी बसते. मी ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावतो आणि मागे आडवा धागा सोडत जातो. त्यातून लुगडं तयार होतं. माझ्या कडेला चार मिलिमीटरचं एक छिद्र आहे. त्याला माझा डोळा म्हणतात. प्रत्येक नवी कांडी घातली की धाग्याचं टोक या डोळ्यातून बाहेर काढावं लागतं. त्यासाठी विणकर डोळ्याला ओठ लावतो आणि एक दम आत ओढतो. सुर्र असा आवाज होतो आणि धागा बाहेर येतो.

अशा तीन जणांचे ओठ मला माहीत होते. पहिले कौशल्याबाईंच्या सासऱ्यांचे, त्यांना तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा वास यायचा. नंतर त्यांचे पती देवाजी यांचे. देवाजी गेल्यावर बाईंचे. बाईंचा दम सर्वांत मोठा होता. त्या एका दमात धागा काढायच्या आणि दुसऱ्या हातानं कांड्यांची टोपली पुढे ओढायच्या.

२०१४ पासून गुरुजी दर रविवारी लोकांना गाव दाखवू लागले. गावाभोवतीच्या परकोटाच्या दरवाजापासून सुरुवात, मग वैनगंगेचे घाट, मग देवळं, आणि शेवटी मी. तिसऱ्या देवळापर्यंत लोक जांभया देऊ लागत. माझ्यापाशी आले की जागे होत. बाईंनी सुर्र केलं की टाळ्या पडत. मग एकेक पाहुणा म्हणे, "मला पण द्या ना," आणि मी एकाच्या ओठांवरून दुसऱ्याच्या ओठांवर जाई. कोणाला त्यात वावगं वाटत नसे. मला तर आनंदच वाटे. मी मुख्य आकर्षण झालो होतो.

मार्च २०२० मध्ये फेरफटका बंद पडला. गुरुजींनी मोबाईल हातात धरून एकट्यानं फिरत गाव इंटरनेटवर दाखवून पाहिलं. पहिल्या रविवारी सोळा जणांनी पाहिलं, चौथ्या रविवारी तिघांनी. सुताची गाडी येईना म्हणून मागही थांबला. मी अकरा महिने खिडकीत पडून होतो. पावसाचे शिंतोडे आत येत. ओलीनं माझं लाकूड फुगलं, मग वाळलं, आणि डोळ्याच्या आतल्या कडेला एक कुसळ उभं राहिलं. केसाएवढं. बाहेरून दिसत नव्हतं, पण मला टोचत होतं.

मग तो रविवार आला. गुरुजींनी नियम केले होते. दहाच्या आत पाहुणे, जमिनीवर चुन्याच्या खुणा, आणि धागा तोंडानं न ओढता तारेच्या आकड्यानं काढायचा. सकाळी त्यांनी बाईंकडून तसं कबूल करून घेतलं होतं.

बाईंनी नवी कांडी घातली आणि आकड्यानं धागा ओढला. तो कुसळाला अडकून तुटला. पुन्हा ओढला, पुन्हा तुटला.

"हे कायचं नाटक लावलं जी गुरुजी तुमी?" बाई म्हणाल्या. "असं तारीनं ओवत बसली त एक लुगडं व्हाले दिवाळी येईन."

पाहुणे हसले.

"बाई, तारच वापरा. ठरलं ना आपलं?"

नागपूरहून आलेले धर्मेंद्र नावाचे गृहस्थ पुढे झाले. "गुरुजी, तोंडानं ओढतात तेच पाहाले आलो आम्ही. तार त माह्या घरी पण आहे." ते दोनदा खोकले आणि म्हणाले, "धूळ लई आहे इथं."

गुरुजींनी नऊ चेहऱ्यांकडे पाहिलं. अकरा महिन्यांत त्यांच्याकडे आलेले ते पहिले पाहुणे होते. ते म्हणाले, "बरं. एकदाच."

धर्मेंद्र यांनी मला उचललं, मास्क हनुवटीवर घेतला आणि तीनदा दम ओढला. धागा आला नाही.

"द्या इकडे," बाई हसून म्हणाल्या. "हे काही शरबत नाई, नळीनं प्याले."

त्यांनी मला पदरानं पुसलं. सॅनिटायझरची बाटली दोन हातांवर होती. त्यांनी मास्क खाली केला, ओठ लावले. सुर्र. धागा आला. टाळ्या पडल्या.

मित्रांनो, आता मी कबूल करतो. आकड्यानं धागा तुटला तेव्हा मला बरं वाटलं होतं. मला ती तार नको होती. मला टाळ्या हव्या होत्या.

पाचव्या दिवशी धर्मेंद्र यांचा फोन आला की त्यांची तपासणी पॉझिटिव्ह आली. आठव्या दिवशी बाईंना ताप आला. त्या तेवीस दिवस दवाखान्यात होत्या, त्यांपैकी अकरा दिवस ऑक्सिजनवर.

माझ्याकडे पुरावा नाही. त्याच आठवड्यात बाई बाजारात गेल्या होत्या आणि एका साखरपुड्यालाही. खोली बंद होती, तेव्हा आजार हवेतूनही आला असेल. अशा तीन वाटा दुसऱ्या आहेत. चौथी मी आहे. मी या वाटा पुष्कळदा मोजल्या. चौथी कधी वजा करता आली नाही.

बाई घरी आल्यावर गुरुजी दारातच उभे राहिले.

"बाई, मी 'एकदाच' म्हटलं. म्हणायला नको होतं. तो धोटा मी चुलीत घालतो."

"काहून?" बाई थांबून थांबून बोलत होत्या. "तुमी काय माह्या तोंडात कोंबला होता? मीच ओढला. मी काय कुकुलं लेकरू होती?" त्यांनी मला मागून घेतलं आणि डोळ्यात बोट फिरवलं. बोट थांबलं. "हे पाहा जी. कुसळ. म्हणून तुटत होता धागा. बसाच्या आधी मी एक बोट फिरवलं असतं त..."

वाक्य पुरं करायला त्यांचा दम पुरला नाही. गुरुजी घासकागद घेऊन आले. कुसळ निघायला दोन मिनिटं लागली.

बाईंनी मला दोष दिला नाही. त्यानं माझं ओझं हलकं झालं नाही.

आता फेरफटका पुन्हा भरतो. पाहुणे आठच असतात. खिडकी उघडी असते, सूत तुटलं तर तुटतं. पाहुण्यांच्या हाती दुसरा धोटा देतात आणि प्रत्येकाला आकडा वेगळा. मी भिंतीला टांगलेला असतो. गुरुजी माझ्याकडे बोट दाखवून त्या रविवारी काय झालं ते सगळं सांगतात, स्वतःचं "एकदाच" सुद्धा वगळत नाहीत. ते ऐकताना कोणी टाळ्या वाजवत नाही.

मित्रांनो, बरेच दिवस पडून असलेली वस्तू पुन्हा वापरायला घ्याल, तेव्हा आधी तिच्यावरून एकदा बोट फिरवा. तिला स्वतःचं कुसळ काढता येत नाही आणि सांगताही येत नाही. आणि सगळे हसत असताना तुम्हाला 'नाही' म्हणावंसं वाटलं, तर हसणं थांबायची वाट पाहू नका.

गेल्या रविवारी जवाहरनगरहून आलेल्या रीना नावाच्या बाईंनी विचारलं, "मावशी, आता येतो का हो धागा तोंडानं?"

कौशल्याबाईंनी खिडकीतलं प्लास्टिकचं यंत्र उचललं. दवाखान्यातून घरी येताना श्वासाच्या व्यायामासाठी ते मिळालं होतं. त्यात तीन नळ्या आहेत आणि प्रत्येकीत एक निळी गोळी. दम जितका मोठा, तितक्या जास्त गोळ्या वर जातात.

"धागा नाई ओढत आता. हे ओढते. पाहा."

त्यांनी यंत्राची तोंडाकडची नळी ओठांत धरली आणि दम आत ओढला. आठही जण पुढे वाकून पाहत होते.

पहिली गोळी वर गेली. दुसरी अर्ध्यावर थांबली. तिसरी हलली नाही.