कुस्कोच्या भिंतीशी फोडलेला नारळ

केसर परत आली त्या दिवशी गप्प बसली असती तर काहीच झालं नसतं. पण गप्प बसणं तिच्या माहेरीही कुणाला जमत नव्हतं. होडीतून उतरून तिने खाडीच्या चिखलात पाय ठेवला, लेकीला पोटाशी धरलं, आणि विहिरीवर जमलेल्या बायांना तिथल्या तिथे सांगून टाकलं, की एकवीरा आईला बोललेला नारळ आपण दुनियेच्या पार पलीकडे, कुस्को नावाच्या गावात, एका भिंतीच्या पायथ्याशी फोडला. वर हसून म्हणाली, "आई तिथंबी हाय गो." झालं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट नागावच्या बाजारात पोचली, आणि पोचेपर्यंत नारळाचा बकरा झाला होता.

नागावच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी हा कोळीवाडा. माणसं जिवाला जीव देणारी, पण जिभेला हाड नाही. केसरचा नवरा चंदर एका वर्षी नारळी पुनवेनंतरच्या पहिल्याच फेरीला गेला आणि होडीसकट नाहीसा झाला. केसर रडली नाही. लोकांनी तेही नावं ठेवायला वापरलं. लहानग्या शकूला तिने भावाकडे, नामाकडे ठेवलं आणि मुंबईत टर्नर नावाच्या साहेबाच्या घरी आया म्हणून राहिली. साहेब रेल्वेतला. त्याची बदली झाली ती थेट पेरू नावाच्या देशात. देशाचं नाव पेरू म्हटल्यावर इथल्या बायांना हसायला दोन आठवडे पुरलं.

जाताना नामाने नागावच्या वाडीतला एक भरलेला नारळ तिच्या पेटीत घातला. केसरने कार्ल्याच्या डोंगराकडे तोंड करून हात जोडले आणि नवस बोलली: जिती परत आले तर हाच नारळ तुझ्या पायरीवर फोडीन. कोळणीने असा बोललेला नारळ म्हणजे ठेव. तो दुसरीकडे फुटत नाही, फोडायचा नसतो. हे केसरला कुणी सांगायला नको होतं.

आता ती परतली होती, शकू लग्नाची झाली होती, सखुबाईच्या रघूशी सोयरीक ठरून हळदीचा दिवस तोंडावर आला होता. आणि नेमकं त्याच साली जाळ्यात काही लागेना. बोंबील नाही, पापलेट नाही, नुसता कचरा. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मासळी मिळेना म्हणून नारळ वाकडा ठरला. काळूराम पाटलाने पंच जमवले आणि केसरला बोलावणं धाडलं.

"जाशील तेव्हा वाद नको घालू," नामा तिला सकाळीच म्हणाला होता. "आईच्या तसबिरीपुढं नाक घास, चुकलं म्हन, सुट. नाकाला काय झिजायचं हाय?"

"नाक माजं हाय, दादा."

"आनि लेक? पाटील म्हनतो, नाक न्हाय घासलंस तर हळदीच्या मांडवात तुजा पाय न्हाय पडायचा, वाळीत टाकनार."

केसरने चुलीवरचं पातेलं उतरवलं, त्यातलं काहीतरी वेताच्या टोपलीत काढलं, वर फडकं झाकलं, आणि टोपली काखेला मारून निघाली.

उंडीच्या झाडाखाली पंच बसले होते. बाजूला वाळूवर बाया. जाळी विणायच्या निमित्ताने बाकीचे पुरुषही आले होते, पण कुणाचा हात हलत नव्हता. शकू मामाच्या मागे उभी होती. सखुबाई, म्हणजे होणारी विहीण, बायांत सगळ्यात पुढे, मांडीवर हात ठेवून. तिचा चेहरा वाचणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं.

"आईचा नारळ पाद्र्याच्या देवळात फोडलास, खरं का?" पाटलाने विचारलं.

"देवळात न्हाय. देवळाखालच्या भिंतीशी."

"येकच झालं."

"येक न्हाय, पाटील. तुमी पाह्यलं असतं तर असं बोलला नसतात."

"मग सांग की. आमी कंदी जातोय तिकडं."

पाटलाने हे टोमणा म्हणून म्हटलं. केसरने ते बोलावणं समजून घेतलं आणि बसकण मारून सांगायला लागली.

त्या देशाच्या बंदरात लाटा एवढ्या, की माणसांना खुर्चीत बसवून यारीने वर उचलतात, टोपलीतून मासळी चढवावी तसं. मग गाडी डोंगरात शिरते ती चढतच राहते. झाडं संपतात, पाखरं संपतात. साहेबाचं घर वाटेवरच्या एका शहरात होतं. तिथे दोन वर्षं राहिल्यावर मडमेला कुस्को बघायची हौस आली. कुस्को आणखी वर. तिथे पोचल्यावर छाती भात्यासारखी चालायला लागली, डोकं ठणकायला लागलं, आणि हॉटेलातल्या बाईने कसल्याशा पाल्याचं गरम पाणी पाजलं तेव्हा कुठे उभं राहता आलं.

दुसऱ्या दिवशी गाव दाखवायला एक काळा कोट घातलेला माणूस आला. मडम छत्री घेऊन पुढे, केसर तिच्या धाकट्या पोराला, बाबाला, कडेवर घेऊन मागे. गल्ल्या अरुंद, मधून पाण्याचा पाट, आणि दोन्ही अंगांना भिंती. त्या भिंती बघून केसर थांबलीच. दगडाला दगड असा बसवलेला, की मध्ये चुना नाही, माती नाही, सुरीचं पातं घालू म्हटलं तर शिरत नाही. एकेक दगड म्हशीएवढा, आणि कोपरे कुठेही, कसेही. तिथल्या जुन्या राजांची ती कामं. मग समुद्रावरून गोरे आले. त्यांनी राजाला मारलं, देवळातलं सोनं वितळवलं, छप्पर उतरवलं. भिंती मात्र त्यांना हलेनात. तेव्हा त्यांनी भिंतींवरच आपलं देऊळ बांधलं, कमानीचं, घंटेचं.

"आनि मंग धरनी हलते," केसर म्हणाली. "तिकडं हलते सारखी. कोटवाला म्हनला, हलली की वरचं पडतं. खालचं हाय तसं हाय."

रेवदंड्याच्या पडक्या फिरंगी भिंती जन्मभर पाहिलेली माणसं ती. एकदोघांनी नकळत मान हलवली. पाटलाने त्यांच्याकडे पाहिलं तशी मान जागच्या जागी आली.

त्या देवळाखाली काळसर दगडांची एक भिंत आहे, वळत गेलेली, होडीच्या कुशीसारखी. तिच्या पायथ्याशी बाजारच्या बाया जमिनीवर फडकी पसरून बसल्या होत्या. डोक्यावर टोप्या, पाठीला पोरं, पुढ्यात बटाट्यांचे ढीग. अगदी अलिबागच्या बाजारात कोळणी बसतात तशा, तशाच ठसक्यात. मडम आणि कोटवाला आत देऊळ बघायला गेले. आयांना बाहेर थांबायची सवय असते. केसर त्या बायांजवळ टेकली. एका म्हातारीने वाटीतलं पेय तोंडाला लावायच्या आधी थोडं जमिनीवर सांडलं. केसरने तिथल्या मोडक्यातोडक्या बोलीत विचारलं, हे कुणाला? म्हातारीने जमिनीवर तळवा ठेवला, मग डोंगराकडे बोट केलं, आणि म्हणाली, आईला.

आता कोळणीला सांगा, की डोंगर आहे, दम लागेस्तोवर चढून जायचं आहे, काळ्या दगडाची जुनी जागा आहे आणि तिथे आई आहे. ती काय समजेल? केसर जे समजायचं तेच समजली. मूल म्हातारीच्या शेजारी बसवून ती हॉटेलात धावत गेली आणि पेटीतला नारळ घेऊन आली. आतलं पाणी केव्हाच आटलं होतं, गोटा खुळखुळत होता. तो तिने भिंतीच्या पायथ्याशी आपटला. फुटला, आणि चंदर गेल्यापासून डोळ्यांतून न आलेलं पाणी तिला तिथे आलं. असं आलं, की थांबेना. म्हातारीने काही विचारलं नाही. आपल्या पाठीवरची घोंगडी काढून तिच्या खांद्यांवर टाकली आणि स्वतः थंडीत बसून राहिली.

आवाजाने देवळातला माणूस धावत आला. मडमही आली, लाजेने लाल. साहेब रात्री म्हणाला, पाद्र्याची माफी माग, नाहीतर नोकरी गेली समज. केसर म्हणाली, जाऊ द्या नोकरी. पण धाकट्या बाबाला तिच्याशिवाय झोप येत नव्हती, त्यामुळे साहेबानेच तो शब्द गिळला.

"म्हंजी चूक झाली हे तुला तिथंच कळलं," पाटील म्हणाला. "आपली आई ती नव्हं. दुसऱ्याची कुनाची तरी."

"आपन कार्ल्याला जातो. आईच्या देवळाला खेटून लेनी हायत. त्ये खांब, त्ये हत्ती कुनी कोरले, पाटील? तुमच्या आज्यानं? त्ये लोक ग्येले, कुठं ग्येले कुनाला ठावं न्हाय. आई तिथं बसली ती बसली. तिला चाललं ना? मंग तुमास्नी का चालंना?"

पाटील उठून उभा राहिला. "लय झालं. नाक घास आनि चुकलं म्हन. न्हायतर लेकीची हळद तुज्याबिगर व्हईल. बोल."

केसरने शकूकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या एका दिवसासाठी दुसऱ्याची पोरं थोपटली, तो दिवस समोर होता, आणि त्याचं मोल एवढंच होतं की दोन शब्द बोलायचे. तिला भीती वाटली, खरीखुरी. पण चुकलं म्हटलं की ते रडणं चुकलं. ती घोंगडी चुकली. चंदरसाठी आपण जगात एकदाच मन मोकळं केलं, तेही चुकलं.

"न्हाय चुकलं," ती म्हणाली. "नवस जागी न्हाय फेडला, त्याचा जाब आई मागंल, मी दीन. तुमी न्हाय मागायचा."

मग तिने टोपलीवरचं फडकं काढलं. आत काळपट, सुरकुतलेले, उकडलेले गोळे होते.

"खोबरं मी त्या म्हातारीला दिलं. तिनं मना ह्ये दिलं. बटाटंच हाय, पर रातच्या गारठ्यात गोठवून, पायानं तुडवून, उन्हात सुकवलेलं. आपलं बोंबील तसं त्यांचं ह्ये. वरसानुवरसं टिकतं. काल भिजत घातलं, आज उकडलं. आईचा परसाद हाय. जो म्हनत असंल आई तिथं न्हाय, त्यानं उठून फेकून द्यावा."

टोपली तिने पंचांच्या मधोमध ठेवली.

आता खरी पंचाईत झाली. खावा, तर केसरच्या हातचं खाल्लं, म्हणजे वाळीत टाकायचं राहिलंच. फेकावा, तर प्रसाद फेकल्याचं पाप, आणि समुद्रावर पोट असलेला कोणता माणूस ते डोक्यावर घेईल? एक पंच समुद्राकडे बघायला लागला. दुसऱ्याला खोकला आला. पाटलाने हात पुढे केला, टोपलीच्या काठापर्यंत नेला आणि मागे घेतला. उंडीखाली कुणी हलेना.

मामाच्या मागून शकू पुढे आली. नामाने तिचा दंड धरला, तिने तो शांतपणे सोडवला. टोपलीपाशी बसून तिने एक गोळा उचलला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. आपली सोयरीक त्या घासाबरोबर जाऊ शकते हे तिला पुरतं ठाऊक होतं. ती बराच वेळ चावत राहिली. अख्खा कोळीवाडा तिच्या तोंडाकडे बघत होता.

"आये," ती शेवटी म्हणाली, "ह्यात मीठ न्हाय."

"तिथं समुद्र न्हाय, बाय," केसर म्हणाली.

बायांच्या रांगेतून सखुबाई उठली. लुगड्याची वाळू झटकली, पंचांच्या मधून सरळ चालत आली आणि शकूच्या शेजारी मांडी घालून बसली. काळूराम पाटलाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. केसरपुढे तिने तळवा पसरला.

"मीठ आमच्या घरात पोत्यानं हाय, विहीनबाय," ती म्हणाली. "दे मना येक."