आठ कड्या

"ही कडी आहे की बारशाची बिंदली? अगं, रणगाडा बांधायचाय हिला! बाळाला पाळण्यात नाही घालायचंय!"

मागच्या रविवारी शिवदास राणे असे गरजले आणि तिथंच स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. वय चौऱ्याहत्तर, पण आवाज असा की मुलुंडच्या त्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर ते खेकसले की तळमजल्यावरचा वॉचमन उठून उभा राहायचा.

समोर बसली होती जान्हवी. राण्यांच्या गाववाल्याची, नंदू सावंताची नात. मालाडला एका गेम बनवणाऱ्या कंपनीत कामाला. सुट्टीच्या दिवशी मात्र ती आणि तिच्यासारखे आणखी आठ-दहा येडे मिळून रेल्वे सिम्युलेटरसाठी जुन्या वॅगनी बनवायचे. सिम्युलेटर म्हणजे घरबसल्या कॉम्प्युटरवर आगगाडी चालवायची, पण कुणी त्याला गेम म्हटलं की पोरगी फणकारायची. सध्या त्यांनी लष्कराच्या जुन्या वॅगनी घेतल्या होत्या, आणि जान्हवीच्या वाट्याला आली होती रणगाडे वाहणारी वॅगन, मधोमध पोट खाली सोडलेली.

राण्यांनी अख्खी नोकरी रेल्वेच्या वॅगन कारखान्यात काढलेली, मिस्त्री म्हणून निवृत्त. सहा रविवार त्यांनी त्या पोरीला नुसती सोलून काढली होती. रिबिटं कमी आहेत, परत मोज. ब्रेकचं चाक त्या बाजूला कुठून आलं, तुझ्या काकानं बसवलं? हा रंग लाल आहे, आम्ही लाल नाही लावायचो, गेरूसारखा लावायचो, डोळे आहेत का बटणं? पोरगी खाली मान घालून लिहून घ्यायची आणि पुढच्या रविवारी सगळं दुरुस्त करून आणायची. राण्यांना मनातून ती फार आवडायची. तोंडानं मात्र कधी 'बरं झालंय' म्हणाले असतील तर शपथ.

तर त्या रविवारी तिनं वॅगनीच्या तळाला साखळ्या अडकवायच्या कड्या दाखवल्या, एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. वॅगनीच्या नकाशात होत्या तिथंच, पण बारीक. राण्यांचं डोकं सटकलं. ते तरातरा गॅलरीत गेले, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली लावून ठेवलेली लोखंडी कडी दोन्ही हातांनी उचलून आणली आणि धाडकन टीपॉयवर आपटली.

"ही! ही अशी असते कडी! उचलून बघ, मग कळेल."

"आई शप्पथ, आजोबा! खरी कडी? आणि तुम्ही ती दाराला लावून ठेवलीत?" जान्हवी नाचायचीच बाकी राहिली. मोबाइलवर तिनं कडीचे चारी बाजूंनी ऐंशी फोटो काढले. त्यावरून कॉम्प्युटर हुबेहूब तीच कडी उभी करतो म्हणाली. राणे खूश. बायकोला, पद्मजाबाईंना, त्यांनी स्वतःहून दुसऱ्या चहाची ऑर्डर दिली.

पोरगी गेल्यावर कडी परत दाराशी ठेवताना आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं. ह्या कडीबद्दल अडतीस वर्षं त्यांनी बायकोलासुद्धा काही सांगितलं नव्हतं.

कारखान्यात एक रीत होती. कागदावर कुठंच नव्हती, पण सगळे पाळायचे. मार्चअखेरीला दुरुस्त वॅगनींचा ठरलेला आकडा भरला नाही तर साहेबापासून हेल्परपर्यंत सगळ्यांची खरडपट्टी. म्हणून शेवटच्या दिवशी जिचं थोडंच काम उरलंय अशा वॅगनीवर पेंटर अंबादास आधी तारीख मारून टाकायचा, मिस्त्री रजिस्टरात सही ठोकायचा, आणि उरलेलं काम दुसऱ्या दिवशी सकाळी गुपचूप उरकायचं. शहाऐंशी सालच्या एकतीस मार्चला ४०२१७ नंबरच्या वॅगनीला आठ कड्या बसवायच्या राहिल्या होत्या. राण्यांनी सही केली. सकाळी कड्यांचं पोतं घेऊन आले तर रूळ रिकामा. इंजिन सगळी रांगच ओढून घेऊन गेलं होतं.

चार ओळींची चिठ्ठी पाठवायला हवी होती. पण चिठ्ठी पाठवली की सही खोटी ठरणार. बघतील की लोडिंगवाले, कड्या नाहीत म्हटल्यावर वॅगन परत धाडतील, असं म्हणून राण्यांनी पोतं बाकाखाली सरकवलं.

लोडिंगला माल चढवणारा-बांधणारा खलाशी होता नंदू. वॅगनीला कड्या नाहीत हे त्यानं सांगितलं, पण गाडी आजच सुटली पाहिजे म्हणून वरून नुसता आरडाओरडा. त्यानं साखळ्या बाजूच्या खुंट्यांना बांधल्या. घाटातल्या वळणावर खुंटी उपटली, रणगाडा घसरला आणि पहाऱ्याचा एक जवान त्याखाली गेला. वॅगनीचा असा चेंदामेंदा झाला की तिच्यात काय होतं न् काय नव्हतं, कुणाला कळायची सोय राहिली नाही. चौकशीत नकाशा काढला, त्यात आठ कड्या. रजिस्टर काढलं, त्यात राण्यांची सही. नंदू बोंबलत राहिला, "कड्या नव्हत्या, सायब!" त्याला नोकरीवरून काढून टाकलं. तो पुढं गोवंडीला एका गोदामावर वॉचमन झाला आणि पंधरा वर्षांपूर्वी गेला. सात कड्या राण्यांनी भंगारात टाकल्या. आठवी त्यांच्या हातून टाकवली नाही.

आणि आता नंदूची नात नेमकी त्याच नंबरची वॅगन बनवत होती. "आजोबांची वॅगन एकदा तरी कुणीतरी नीट बनवू दे ना," म्हणायची. राण्यांनी दहा वेळा बजावलं होतं, दुसरा नंबर घाल म्हणून.

ह्या रविवारी ती आली ती बूटसुद्धा न काढता. राण्यांनी तिचा चेहरा बघितला आणि बचावाला आधीच आवाज चढवला.

"तो नंबर काढ म्हणून सांगितलं होतं ना मी? ऐकायचं नसेल तर येऊ नकोस इथं! आणि कड्याही काढ. बटबटीत दिसतात."

"ओरडून झालं?" जान्हवी म्हणाली. "मग हे बघा."

लॅपटॉपवर कडी होती. त्यांचीच. तिच्यावरचे सगळे रंग पोरीनं उतरवले होते, नुसतं करडं लोखंड राहिलं होतं. तिनं एका बाजूनं तिरका उजेड टाकला. ग्रिलच्या उरलेल्या ऑइलपेंटचे अडतीस दिवाळ्यांचे थर चढवून राण्यांनी जे बुजवलं होतं, ते त्या उजेडात पुसट पुसट वर आलं. लोहारखान्यात प्रत्येक कडीवर तिच्या वॅगनीचा नंबर ठोकायचे, अदलाबदल होऊ नये म्हणून. चार, शून्य, दोन, एक, सात.

"वॅगन घाटात मोडली," जान्हवी म्हणाली. "कडी तुमच्या गॅलरीत. कशी काय, आजोबा?"

"भंगारातून आणली असेल. आठवत नाही मला."

"खोटं बोलू नका. मोडलेल्या वॅगनीतली असती तर कुठं वाकली असती, घासली असती. हिच्यातून साखळी कधी गेलीच नाहीये. कोरी आहे ही."

सहा रविवार त्यांनीच शिकवलं होतं तिला, लोखंड कसं बघायचं ते. राणे ताडकन उठले.

"हो! राहिल्या होत्या बसवायच्या! मग? मी एकटा होतो का? अख्खा कारखाना तसंच करायचा! एकतीस मार्चला कुणाच्या सह्या खऱ्या होत्या, दाखव मला एक तरी! आणि मी काय करणार होतो? तुझ्या आजोबाला कुणी सांगितलं होतं खुंटीला बांध म्हणून? नाही म्हणायचं, हात वर करायचे!"

"ते खलाशी होते! त्यांचं कोण ऐकणार होतं? तुमचं ऐकलं असतं!" आता जान्हवीचाही आवाज फाटला. "चारशे बारा रिबिटं मोजायला लावलीत तुम्ही मला. एक कमी पडलं तर माझी अक्कल काढलीत. वॅगनीला रिबिट कमी चालत नाही, आणि आठ कड्या नसल्या तर चालतं? माझा आजोबा माणूस मारून आला असं म्हणायचे आमच्या वाडीत! माझ्या बाबांच्या लग्नात म्हणाले! आणि तुम्ही त्या लग्नात जेवायला आला होतात, यार!"

श्रीखंड होतं त्या लग्नात, हे राण्यांना उगाचच आठवलं, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

"शुक्रवारी आमचा वॅगनींचा सेट बाहेर येतोय," ती म्हणाली. "ओजस आमचा ग्रुप सांभाळतो. प्रत्येक वॅगनीखाली तो तिची माहिती टाकतो. जुन्या चौकशीवरून त्यानं काय लिहिलंय माहितीये? 'खलाशाच्या निष्काळजीपणामुळे अपघात.' जगभर कुणीही ती वॅगन उघडली की हे वाचणार. मी म्हटलं होतं, जाऊ दे, तेच खरं असेल. मी पण तेच समजत होते ना एवढे दिवस!"

"तुझ्या आजीला सांगितलंस?"

"मी का सांगू? तुम्ही सांगणार. चप्पल घाला."

"आज नको. माझं बीपी..."

"जा." हे दारातून पद्मजाबाई म्हणाल्या. त्यांनी कडी उचलली, कापडी पिशवीत घातली आणि पिशवी नवऱ्याच्या हातात कोंबली. "दर दिवाळीला तुम्ही हिला रंग देता. घराच्या भिंतींना दिला नाहीत कधी वेळेवर. मला विचारू दिलं नाहीत, मी विचारलं नाही. आता जा."

रिक्षात राणे सगळ्यांवर भडकत होते. सिग्नलवर, मेट्रोच्या खोदकामावर, हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्यावर. भांडुप आलं तसे ते एकदम जान्हवीकडे वळले. मग म्हणाले, "लिही. 'ही वॅगन कड्या न बसवता कारखान्यातून बाहेर पडली. रजिस्टरातली सही खोटी होती.' खाली माझं नाव घाल. शिवदास भिकाजी राणे. मिस्त्री."

जान्हवीनं मोबाइलवर लिहिलं आणि ओजसला धाडलं. त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पण राण्यांना भीती शुक्रवारची नव्हती. चौकशी चालू होती तेव्हा नंदूची बायको रुक्मिणी एकटीच त्यांच्या दारात आली होती. खरं काय ते तू तरी सांग, म्हणाली होती. त्या दिवशी राण्यांनी तिला जे उत्तर दिलं होतं, ते ती विसरलेली असू दे, एवढंच ते देवाला विनवत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी, विसरतात माणसं.

घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर रुक्मिणीची खोली. ती जमिनीवर सुपात सुकट निवडत बसली होती. भिंतीवर नंदूचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. राण्यांना बघून तिनं बसायला पाट सरकवला. राणे बसले नाहीत. पिशवीतून कडी काढून त्यांनी तिच्यासमोर जमिनीवर ठेवली.

"वहिनी, वॅगनीला कड्या नव्हत्या. नंदू खरं बोलत होता. मी बसवल्याच नव्हत्या."

रुक्मिणीनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग आणखी एक. मग तिनं सूप खाली ठेवलं.

"मी तुझ्या दाराक इल्लंय. आठवता तुका?"

"आठवतं, वहिनी."

"काय सांगलंस माका?"

"कड्या होत्या म्हणालो."

"आठ म्हणालंस. बोटांर मोजून दाखवलंस." तिनं आपलीच आठ बोटं त्यांच्या तोंडासमोर धरली. "मी घराक येऊन ह्यांका म्हटलंय, शिवदास आपलो माणूस, तो खोटा कित्याक बोलात? तुमीच खोटे. एक साखळी नीट बांधूक येवक नाय तुमका, आणि वर लोकांक दोष देतात. पोरांसमोर म्हटलंय, मेल्या! त्या दिसापासून त्यांनी कड्येचा नाव काढूक नाय. तेवीस वर्सां. मी वाढी होतंय नि ते खाली मान घालून जेवत होते."

जान्हवी दारातच रडायला लागली. राणे वाकले. कमरेतून सरळ वाकता येत नव्हतं म्हणून भिंतीला धरून वाकले आणि म्हातारीच्या पायांकडे हात नेला. रुक्मिणीनं पाय मागं ओढून घेतले.

"माका हात लावू नको! आणि माका कित्याक सांगतंस?" तिनं फोटोकडे बोट केलं. "त्यांका सांग."

राणे वळले. जन्मभर ज्यांना कधी शब्द कमी पडला नाही, ते फोटोसमोर उभे राहून नुसते ओठ हलवू लागले. नंदू, मी, असं काहीतरी पुटपुटले. पुढचं त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही.

"मोठ्यान सांग," मागून रुक्मिणी ओरडली. "शेवटाक त्यांका कमी आयकाक येय होता."