एका घरात दोन

जाड पडद्याची शिवण अर्ध्यावर आली असताना तिने मशीन थांबवलं आणि डावा जबडा तळहातात धरला. कळ जबड्यातून निघून पाठीत, दोन्ही खवाट्यांच्या मधोमध जाऊन बसली. डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी कपाळ घामाने ओलं झालं.

“पुन्हा दाढ?” शेजारच्या मशीनवरच्या मैत्रिणीने विचारलं.

“दाढ तर उपटून झाली. आता तिचं भूत दुखतंय.”

दोघी हसल्या. मग तिने कापड पुढे सरकवलं.

तिचा नवरा क्रेन चालवायचा. मागे एकदा जेवता जेवता तो छाती धरून कोसळला आणि अख्खी गल्ली धावून आली. तेव्हापासून घरात हृदय म्हटलं की ते त्याचंच. भाजीत मीठ त्याच्या बेताने, जिना त्याच्या चालीने. मुलगी फोनवर आधी विचारायची ते बाबांचंच. त्यालाही आता या विषयातलं बरंच कळू लागलं होतं.

“अहो, जिना चढताना धाप लागते हल्ली,” त्या संध्याकाळी ती म्हणाली. “पाठही भरून येते. मळमळतं.”

“छातीत दुखतं का?”

“छातीत नाही.”

“डाव्या हातात?”

“नाही.”

“मग पित्त आहे. हृदयाचं दुखणं मला विचार. छातीवर हत्ती बसतो, हत्ती.” तो स्वतः उठला, पाण्यात पित्ताची पावडर ढवळून पेला तिच्या हातात दिला. त्याने असं हातात काही आणून द्यावं, याचंच तिला अप्रूप वाटलं. ती सगळं प्यायली.

त्याच्या तपासणीला सोबत गेली तेव्हा तिने डॉक्टरांपुढेही विषय काढला. त्याचा कार्डिओग्राम गुंडाळता गुंडाळता डॉक्टर म्हणाले, “यांच्या आजारपणाचा तुम्हीच जास्त धसका घेतलाय. वयही आहे तसं.” त्यांनी शांत झोपेची गोळी लिहून दिली. तिला हायसंच वाटलं. एका घरात दोन आजारी परवडले नसते.

पुढे काही दिवसांनी दुकानाच्या पायऱ्यांवर, कापडाचा तागा कवेत असतानाच ती खाली बसली ती उठलीच नाही. मैत्रिणीने रिक्षा थांबवली.

शुद्ध आली तेव्हा नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. खाटेच्या पायाशी एक तरुण डॉक्टरीण नवऱ्याशी बोलत होती.

“पहिला झटका आधीच येऊन गेला असावा. हृदयाचा बराच स्नायू कायमचा गेलाय. आता पुन्हा काही झालं, तर आम्हाला फारसं काही करता येणार नाही. एवढ्या दिवसांत त्या काहीच बोलल्या नाहीत? पाठ, जबडा, धाप?”

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. उजवा हात शर्टावरून हळूहळू छातीकडे चालला होता. तिला तो हात चांगला ओळखीचा होता.

तिने मास्क बाजूला केला.

“नाही हो,” ती म्हणाली. “मी कुणाला बोललेच नाही.”

“बायका असंच करतात,” डॉक्टरीण सुस्कारा टाकत म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती नजर वळवणार नाही असं दिसलं, तेव्हा त्यानेच वळवली आणि फोन घेऊन तो बाहेर गेला. दार पुरतं लागलं नव्हतं.

“नाही ग, एका शब्दाने बोलली नाही,” तो मुलीला सांगत होता. पहिल्यांदा त्याचा आवाज अडखळला. मग धाकट्या भावाला सांगताना सरळ झाला. मग तिच्या मैत्रिणीला सांगताना त्यात थोडा रागही आला.

तो परत आला तेव्हा चेहऱ्यावर रंग होता. खुर्ची ओढून बसला, तिचा हात हातात घेतला.

“अगं, असं अंगावर काढतात का कधी? पुढच्या वेळी लगेच सांगायचं.”

“हो,” ती म्हणाली.