सगळ्यांची आत्या

लिसिआतेने उभा जन्म फुटक्या खापऱ्या वेचण्यात घालवला, असं त्याच्या गावात कोणीही सांगेल आणि सांगताना हसेल. परदेशात शिकून तो डॉक्टर होऊन आला तेव्हा आसपासच्या बेटांवरून म्हातारी माणसं होड्या करून आली आणि गुडघे उघडे टाकून त्याच्या अंगणात बसली. हा माणसांचा नव्हे, मडक्यांचा डॉक्टर, आणि मडकीही फुटल्यावरचीच, हे कळलं तेव्हा त्याच्या बापाने, फोलाऊने, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला सुरुवात केली. तो अजून तिथेच बसतो.

टोंगाच्या बेटांवर पहिल्या होड्या लागल्या त्याला तीन हजार वर्षं झाली. त्या लोकांनी बारीक दातेरी नक्षीची सुंदर मडकी घडवली आणि त्यांच्या वंशजांनी पुढे मडकी करायचंच सोडून दिलं. का सोडलं, यावर लिसिआते पुष्कळ लिहायचा आणि प्रत्येक वाक्य 'असावे' किंवा 'नाकारता येत नाही' असं संपवायचा. त्याची आत्या सेलुवाया म्हणायची, "या पोराला विचारा बाहेर पाऊस पडतोय का. भिजत उभा असेल आणि म्हणेल, पडत असावा."

त्या गुरुवारी मात्र खड्ड्यात त्याला एक चेहरा सापडला. तळहाताएवढी खापरी, तिच्यावर लांब नाक, वाटोळे डोळे आणि किंचित फुगवलेले गाल. उभ्या टोंगात असा अख्खा चेहरा कोणाला मिळाला नव्हता. लिसिआते खड्ड्यातच मांडी घालून बसला आणि लहान मुलासारखा रडला. रडून झाल्यावर त्याने खोदकामाला पैसे देणाऱ्या न्यूझीलंडच्या डॉक्टर पेनरोजबाईंना फोन लावला. हे खोदकाम चालू ठेवायचं की खड्डा बुजवून टाकायचा, हे ठरवायला त्या सोमवारी येणारच होत्या. "चेहरा दाखवा," बाई म्हणाल्या, "मग पुढचं बोलू."

फोन ठेवून त्याने वर पाहिलं, तर काठावर आत्या.

"काय रे ते?"

"काही नाही आत्या, खापरी आहे."

"बघू." तिने हात पुढे केला. खापरी उन्हात फिरवली. "नाक बघ, आपल्या घरातलं. छान आहे. मला हवी."

टोंगात बापाची बहीण म्हणजे घरातला सगळ्यांत वरचा मान. तिने भाच्याच्या ताटातलं, अंगावरचं, डुकरांतलं काहीही मागितलं तरी 'नाही' हा शब्द तोंडातून काढायचा नसतो. सेलुवायाने आजवर त्याची सायकल, त्याच्या लग्नातल्या चटया आणि परदेशातून आणलेला कोट असाच नेला होता. कोट तर या उकाड्यात कोणाच्याच उपयोगाचा नव्हता, पण नेला.

"आत्या, ही फार महत्त्वाची—"

"म्हणून तर मागितली. बिनमहत्त्वाचं मागायला मी काय भिकारीण आहे?"

खापरी गेली.

संध्याकाळी तो तिच्या घरी गेला. तिची पुढची खोली म्हणजे गावाचं भूषण: पायपेटी, राजघराण्याचे फोटो, काचेचं कपाट. त्या खोलीत ती स्वतःही बसत नसे. कपाटात, लग्नातल्या बश्यांच्या मधोमध, चेहरा चकाकत होता.

"चकाकतोय का?" लिसिआतेचा आवाज चिरकला.

"साबणाने घासली. मग खोबरेल लावलं. किती वर्षांची घाण होती त्यावर!"

त्याच घाणीचा अभ्यास करून मडक्यात काय शिजत होतं ते तो शोधणार होता. तो तसाच घरी आला.

"बाबा, तुम्ही बोला तिच्याशी."

"मी?" फोलाऊने कानाला हात लावला. बहीण ज्या खोलीत येते त्या खोलीत भावाने थांबायचं नसतं. साठ वर्षं तो तिच्या चाहुलीने मागच्या दाराने पसार होत आला होता, आणि त्यात तो पटाईत झाला होता. "तिला नाही म्हणू शकेल असं माणूस एकच. तिची आत्या."

"आकेसाआजी? जिवंत आहे?"

"तुझ्या भाषेत सांगू? असावी."

आकेसा शेजारच्या बेटावर राहत होती. फोलाऊची आणि सेलुवायाची ती सख्खी आत्या. शनिवारी लिसिआते होडी घेऊन गेला तेव्हा ती अंगणात चटई विणत होती. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं. "सेलुवाया लहानपणापासून हावरी," एवढंच म्हणाली आणि उठली.

"टोपी बरी आहे तुझी."

त्याने टोपी काढून दिली. होडीत बसताना तिला त्याची छत्री बरी वाटली, अर्ध्या वाटेत घड्याळ आवडलं. किनारा दिसू लागला तेव्हा खड्ड्यात वापरायची त्याची लाडकी छोटी थापी तिच्या नजरेस पडली. लिसिआतेने ती पटकन पाठीमागे लपवली.

"लपवलेलं काय आहे रे? छान दिसतंय."

रविवारी बेटावर कोणी काडी इकडची तिकडे करत नाही. आकेसाही म्हणाली, "देवाच्या दिवशी मागत नसतात." तेव्हा सोमवारी सकाळी, पेनरोजबाईंना विमानतळावरून घेऊन सगळी मंडळी सेलुवायाच्या पुढच्या खोलीत आली. आकेसा आत शिरली तशी सेलुवाया, जी कोणापुढे वाकत नसे, ती चटईवर खाली बसली.

"कपाटातलं ते काय आहे? मला हवं."

सेलुवायाचा चेहरा पडला. मुकाट्याने उठून तिने खापरी दिली. लिसिआतेचा जीव भांड्यात पडला. "आजी, उपकार झाले. आता ती इकडे द्या."

"का?" आकेसाने खापरी पिशवीत टाकली. "मागायचं माझं काम. द्यायचं कोणी सांगितलं? होडी कधी सुटते?"

पेनरोजबाईंनी घड्याळ पाहिलं. लिसिआतेकडे पाहायला घड्याळही उरलं नव्हतं. त्याला दिसलं ते सरळ होतं: चेहरा पिशवीतून जाणार, बाई विमानाने जाणार आणि खड्डा बुजणार. जन्मभराचा खड्डा. त्याला रागच आला, आणि आजवर कधी वडीलधाऱ्यांपुढे चढला नव्हता एवढा त्याचा आवाज चढला.

"आजी, ती कोण आहे हे तरी विचारा! पहिल्या होडीतून उतरली ती. गाव नव्हतं, चर्च नव्हतं, नारळाची बाग नव्हती, तेव्हा इथे चूल मांडून बसली. तिच्याआधी या वाळूवर कोणी नव्हतं!"

आकेसाचा हात पिशवीत थांबला. "बाई होती?"

पेनरोजबाईंनी पेन्सिल सरसावली. खरं उत्तर लिसिआतेला पाठ होतं: तो चेहरा बाईचा की पुरुषाचा की देवाचा, कोणालाच ठाऊक नाही, आणि तसं त्याने स्वतःच तीनदा छापलं होतं. 'नाकारता येत नाही' ओठांवर आलं. त्याने ते गिळलं.

"बाई. तुमच्या आत्याची आत्या, तिच्याही आत्याची. सगळ्यांची."

"पुरावा?" पेनरोजबाईंनी हळूच विचारलं.

"पुरावा काय मागता बाई?" सेलुवाया चटईवरून कडाडली. "नाक बघा की!"

आकेसाने खापरी बाहेर काढली. डोक्यावरची टोपी, म्हणजे लिसिआतेची टोपी, उतरवली आणि चेहरा कमरेला मानाने गुंडाळलेल्या चटईच्या घडीत, पदरात घ्यावा तसा, ठेवला. "मग हिला मी कशी मागणार? मागायचं तर हिने." ती लिसिआतेकडे वळली. "तुला भेटली ती. बोल. हिला काय हवंय?"

त्याला आधी घड्याळ आठवलं, मग थापी. पण त्या वाटोळ्या डोळ्यांकडे पाहून त्याला खोटं मागवेना.

"घर," तो म्हणाला. "लोकांना येऊन पाहता येईल असं."

आकेसाने खोलीभर नजर फिरवली. पायपेटी, राजाराणी, कपाट. "छान आहे," ती म्हणाली. "ही खोली तिला हवी."

सेलुवायाने तोंड उघडलं. एकाच सकाळी दुसऱ्यांदा तिच्याकडे कोणीतरी असं मागितलं होतं की नाही म्हणायची सोयच नव्हती. तिने तोंड मिटलं. मागच्या दारापलीकडे कोणीतरी खुदकन हसलं. तो फोलाऊ होता.

खड्डा अजून चालू आहे. पेनरोजबाईंनी अहवालात 'स्थानिकांचा असाधारण सहभाग' असं लिहिलं. ती खोली आता संग्रहालय आहे आणि सेलुवाया तिची राखणदार. थोरांपुढे जाताना गुंडाळतात तशी कमरेला चटई गुंडाळून आल्याशिवाय ती कोणा प्रोफेसरालाही आत सोडत नाही. लिसिआतेने कपाटाखाली पाटी लावली होती: 'हा चेहरा एका स्त्रीचा असावा.' दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर शेवटच्या शब्दावर कोळशाची जाड रेघ.

"आत्या, हे शास्त्र आहे. असं खोडता येत नाही."

"तो शब्द मला हवा," सेलुवाया म्हणाली आणि हात पुढे केला.

त्याने पाटी काढली, खाली बसला आणि नवी लिहायला घेतली: 'ही आमची आत्या.'