बंद केंद्राचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना फलक आहे; वीज वाटणाऱ्या कंट्रोल रूमची अख्खी भिंत अडवून बसलेला. साऱ्या प्रांताला वीज कुठून येते, ते माझ्या दिव्यांवरून कळतं. कोळशाच्या केंद्राचा दिवा लाल, धरणाचा निळा, गॅसचा पिवळा. मला घडवलं तेव्हा एवढेच होते आणि त्यात लालचा तोरा काही औरच! पुढे पवनचक्क्यांचा हिरवा आला, उन्हाचा पांढरा आला. मी सगळ्यांना सामावून घेतलं. तेव्हा पाहुणे मला बघायला येत. आता टेबलांवर संगणक आले आणि माझ्यावरची धूळही कुणी झटकेना.

मग कोळशाचं केंद्र कायमचं बंद झालं. लाल दिवा काढायचं मात्र राहूनच गेलं. वारा पडला की तो आपोआप मंद पेटू लागला. खरं सांगतो, मला त्याची भीती वाटे.

आमच्या कंट्रोल रूमच्या प्रमुख ताई. त्यांचे वडील त्याच केंद्रात बॉयलर सांभाळत आणि तिथेच कामावर असताना गेले. "लाल दिवा दिसला की समजायचं, बाबा कामावर आहे," असं ते लेकीला सांगत.

एका संध्याकाळी ऊन गेलं आणि वाराही पडला. अशा वेळी लगेच धरणाला फोन करून पाणी सोडायला सांगायचं असतं. ताईंनी फोन उचलला, वर पाहिलं. लाल दिवा पेटलेला!

"बाबा आहेत," ताई पुटपुटल्या. हात तसाच थांबला.

तेवढ्यात अर्धं शहर अंधारात बुडालं. इस्पितळात एका पोराचं ऑपरेशन टॉर्चच्या उजेडात उरकावं लागलं. पोर वाचलं, त्याचं नशीब बलवत्तर.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. "ताई, शेजारच्या तारेची वीज या लाल दिव्यात शिरतेय. कापून टाकतो."

"राहू दे ना, दादा. तेवढाच आधार वाटतो."

"कसला आधार? बंद घरात दिवा दिसला तर माणूस दार ठोठावतच बसेल की!"

ताईंनी त्याच्या हातातली पक्कड घेऊन स्वतःच तार कापली. त्यांचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, गेलेल्यांची आठवण जरूर ठेवा, पण आजचं काम त्यांच्या भरवशावर सोडू नका. आणि आमच्यासारख्या जुन्यांकडे अधूनमधून लक्ष द्या.

आता वारा पडला की ताई लगेच धरणाला फोन लावतात. माझ्या त्या कोपऱ्याकडे बघतही नाहीत. बरंच आहे. तार कापली, दिवाही काढून नेला, तरी वारा पडला की ती रिकामी खोबण गरम होते.